गदबांची बांबूची टोपली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पांढरकवड्याकडचा. आमच्या आठवडी बाजारात कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, आलेल्या टोपल्या-सुपांचा एक कोपरा ठरलेला असायचा. आई सूप घ्यायची तेव्हा आधी ते उजेडाकडे धरायची, मग बोटाने वाजवायची. पुढे कोलामी भाषेची भावंडं शोधता शोधता ओडिशातल्या कोरापुटपर्यंत गेलो. तिथल्या हाटात एक बाई अगदी तसंच सूप उजेडाकडे धरून बघताना दिसली आणि मी तिथेच गुंतलो. तेव्हापासून ओळखीचे-अनोळखी लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

गदबा म्हणजे नेमके कोण? कुठे राहतात?

दक्षिण ओडिशातला कोरापुट जिल्हा हे त्यांचं मुख्य घर. लामतापुट, नंदपूर, सेमिलिगुडा, पोट्टांगी हा डोंगरी पट्टा त्यांचा. पठाराची उंची सुमारे ९०० मीटर, आणि ओडिशातलं सर्वांत उंच शिखर, १६७२ मीटरचं देवमाळी, याच भागात आहे. मलकानगिरीत, आंध्र प्रदेशाच्या उत्तरेकडच्या डोंगरी जिल्ह्यांत आणि छत्तीसगडच्या बस्तरमध्येही गदबा आहेत. २०११ च्या जनगणनेत एकट्या ओडिशात त्यांची संख्या सुमारे ८४ हजार होती.

नाव एक असलं तरी भाषा दोन आहेत, आणि त्या दोन निराळ्या कुळांतल्या आहेत. काही गदबा गुतोब बोलतात. ही मुंडा कुळातली भाषा, शेजारच्या बोंडा जमातीच्या रेमो भाषेची सख्खी बहीण. दुसरे ओल्लारी बोलतात, ती द्राविडी. आता बऱ्याच घरांत दोन्ही मागे पडल्या आहेत आणि पोरं देसिया बोलतात. देसिया म्हणजे त्या पठारावर सगळ्या जमातींना जोडणारी ओडियाची बोली.

आंध्रात बोडो गदबा आणि गुतोब गदबा हे 'विशेष असुरक्षित आदिवासी समूह' या यादीत आहेत. आपल्याकडचे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड ज्या यादीत येतात, तीच ही यादी.

गदबा म्हटलं की केरांगचं कापड आठवतं. तुम्ही टोपलीबद्दल का लिहिता?

केरांगचं कापड खरंच देखणं असतं. केरांग नावाच्या झुडपाच्या सालीचा धागा काढायचा, रंगवायचा आणि घरच्या साध्या मागावर आडव्या रंगीत पट्ट्यांचं वस्त्र विणायचं, ही गदबा बायकांची कला. गेल्या शतकातल्या जवळजवळ प्रत्येक छायाचित्रकाराने आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासकाने तेच टिपलं. गळ्यातली जाड कडी, कानातली मोठी वलयं आणि ते पट्ट्यांचं कापड. संग्रहालयात हेच दिसतं.

पण फोटोतल्या त्याच बाईच्या डोक्यावर टोपली असते. तिच्यामागच्या भिंतीला सूप टांगलेलं असतं. त्यांच्याबद्दल फोटोखालच्या ओळीत अवाक्षर नसतं. केरांग आज सणासुदीला, नाचाच्या वेळी, पाहुण्यांसमोर नेसलं जातं. टोपली रोज उचलली जाते. मला रोजच्या वस्तूबद्दल लिहायचं आहे, एवढंच.

मराठी वाचकाचा याच्याशी काय संबंध?

वाटतो त्याहून जवळचा आहे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडचे कोलाम जी कोलामी बोलतात ती, नाईकी, बस्तरची परजी आणि गदबांची ओल्लारी या चार भाषा मिळून मध्य द्राविडी ही एक शाखा होते. म्हणजे झरी-जामणीतल्या कोलाम पोडावरची भाषा आणि कोरापुटच्या ओल्लार गदबांची भाषा या चुलत बहिणी. मधे चारपाचशे किलोमीटर जंगल आणि कैक शतकं आहेत, तरी नातं पुसलेलं नाही. बांबूला तेलुगूत वेदुरु, कन्नडात बिदिरु आणि कोलामीत वेदुर म्हणतात. तिन्ही शब्द एकाच मुळाचे. आणि कोलाम हे आपल्याकडे बांबूकामासाठीच नावाजलेले. कुडाच्या भिंती, तट्टे, टोपल्या त्यांच्या हातच्या.

दुसरं म्हणजे गोदावरी. आपले पूर्वज गोदावरीकाठाहून निघून नंदपूरला आले, अशी गदबांमध्ये परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट आहे. तिचा ऐतिहासिक पुरावा म्हणून उपयोग करू नये. पण त्र्यंबकेश्वराहून निघालेली नदी त्यांच्याही आठवणीत आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिसरं नाचणी. तिकडे तिला मांडिया म्हणतात. कोकणातल्या वरकस जमिनीवर जी तग धरते, तीच कोरापुटच्या उतारावर. या पानावर नाचणी पुन्हा पुन्हा येईल. तिच्याशिवाय तिथली टोपली कळत नाही.

तिकडे बांबू कोणता वापरतात?

मुख्यतः दोन. एक मानवेल, तिकडे त्याला सालिया म्हणतात. कोरड्या डोंगरउतारावर वाढणारा, जवळजवळ भरीव, फार जाड न होणारा. विदर्भातल्या जंगलात सर्वांत जास्त दिसतो तोही हाच. दुसरा काटेरी बांबू. ओडियात कंटा बांस, आपल्या झाडीपट्टीत कटांग. हा ओढ्याकाठी, ओलसर जागी वाढतो. उंच, पोकळ, जाड भिंतीचा. त्याच्या बेटात शिरायचं तर अंगावर ओरखडे ठरलेले.

टोपलीला कोणता चांगला, यावर एकच उत्तर नाही. मानवेल चिवट, पण पेरं आखूड असतील तर पट्टी गाठीगाठीला अडते. कारागीर जंगलात उभा राहून बांबूच्या जातीपेक्षा त्याचं वय, पेराची लांबी आणि सरळपणा बघतो. एक वर्षाचा कोंब उंचीने पूर्ण वाढलेला असतो, कारण बांबू आपली सगळी उंची पहिल्याच पावसाळ्यात गाठतो आणि नंतर जाडीने वाढत नाही. पण तो आतून कच्चा असतो. त्याची पट्टी वाळताना आक्रसते आणि टोपली सैल पडते. फार जुना बांबू चिरताना फुटतो. विणकामाला दोन ते तीन वर्षांचा हवा. वय ओळखायचं ते बुंध्याजवळच्या सालपटांवरून, खोडाच्या रंगावरून आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून.

बांबू कधी तोडतात? अमावास्येचा काही नियम आहे का?

पावसाळ्यात तोडत नाहीत. त्या वेळी बेटातून नवे कोंब वर येत असतात आणि जुन्या खोडांतला साठा त्यांच्याकडे जात असतो. तोडणीचा काळ पीक घरात आल्यानंतरचा, हिवाळ्याचा. थंडीत हात मोकळे असतात, हवा कोरडी असते आणि बांबूतला ओलावा कमी असतो.

बांबू खाणारा जो बारीक भुंगेरा असतो, तो लाकडाला भुलत नाही, आतल्या पिष्टासाठी येतो. टोपलीखाली पिवळट पिठासारखी भुकटी पडलेली दिसली की समजायचं तो आत आहे. म्हणून पिष्ट कमी असताना तोडायचं, किंवा तोडलेला बांबू काही दिवस वाहत्या पाण्यात ठेवून ते धुऊन काढायचं, हे दोन जुने उपाय. कृष्णपक्षात तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही हा समज महाराष्ट्रापासून ईशान्येपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. चंद्राचा भाग मी बाजूला ठेवतो, पण ऋतूचा भाग पक्का आहे.

आणखी एक. बेट बाहेरून तोडत जायचं नसतं. नवे कोंब बाहेरच्या कडेला येतात, जुने बांबू मधे अडकतात. जाणता माणूस एका बाजूने वाट करून आत शिरतो, मधले काढतो आणि कडेचे राखतो. तोडताना गाठीच्या लगेच वर कोयता मारतो, म्हणजे उरलेल्या खुंटात पावसाचं पाणी साचून बेट कुजत नाही.

टोपली विणतात कशी?

बघायला गेलेल्या प्रत्येकाला वाटतं की विणणं हे मुख्य काम. तसं नाही. दिवसाचा मोठा वाटा चिरण्यात जातो.

बांबू आधी उभा दुभंगायचा. कोयता टोकाला बसवला की पुढे तो ठोकायचा नसतो, ढकलत न्यायचा. फाट आपोआप तंतूंच्या रेषेने पळते. ती एका बाजूला सरकू लागली की जाड बाजू वाकवायची, फाट परत मध्यावर येते. हे वाचायला सोपं आहे, हाताला यायला वर्ष जातं. दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा कामट्या होतात. मग प्रत्येक कामटीचे थर सोलायचे. बाहेरची हिरवी साल सर्वांत चिवट. तिच्यात वाळूतला सिलिका असतो, म्हणून ती पाणी झटकते आणि नखाने सहज ओरखडत नाही. आतला पांढरट गाभा मऊ आणि ठिसूळ, त्याच्या पट्ट्या कमी ताणाच्या जागी जातात. शेवटी पट्टी मांडीवर किंवा अंगठ्याखाली धरून कोयत्याच्या धारेने तासून एकसारखी करायची. पट्टीची कड तेव्हा पात्यासारखी धारदार असते. कारागिरांच्या अंगठ्यांवर बारीक चिरांच्या खुणा असतात, त्या याच कामाच्या.

बुडापासून सुरुवात होते. रुंद पट्ट्या एकमेकींवर चाकाच्या आऱ्यांसारख्या ठेवतात, किंवा चटईसारखं चौकोनी बूड विणून घेतात. मग बाहेर आलेली टोकं वर वाकवतात. त्या उभ्या कामट्या झाल्या. त्यांच्यामधून आडवी पट्टी एक सोडून एक अशी गोल फिरवत नेतात. इथे एक गंमत आहे. उभ्या कामट्यांची संख्या विषम असावी लागते. सम असेल तर दुसऱ्या फेरीत पट्टी पहिल्या फेरीच्याच वाटेने जाते आणि वीण बसतच नाही. विषम असेल तर प्रत्येक फेरी आपोआप उलटी पडते आणि एकच पट्टी सलग वरपर्यंत चढते. संख्या सम निघाली तर एखादी कामटी मधे चिरून दोन करतात. शाळेत गणिताच्या तासाला हे कुणी दाखवलं असतं तर सम-विषम मला कायमचं कळलं असतं.

वर आल्यावर कड. आत एक आणि बाहेर एक अशी दोन वलयं घालून त्यांच्यात विणीची टोकं दाबतात आणि सालीच्या दोरीने आवळतात. ओडिशाच्या जंगलात सियाळी नावाची प्रचंड वेल आहे. तिच्या पानांच्या पत्रावळी होतात आणि सालीचे दोर. कड ढिली पडली की टोपली मेली, असं समजायला हरकत नाही. बूड फाटलं तर पट्टी घालता येते, कड गेली की सगळी वीण उसवते.

कोणकोणत्या वस्तू करतात?

डोक्यावर घ्यायच्या टोपल्या, वेगवेगळ्या मापांच्या. ओडियात डाला, टोकेई असे शब्द ऐकू येतात. कावडीला टांगायच्या जोडटोपल्या, कारण डोंगरात पुरुष ओझं खांद्यावरच्या आडव्या दांडीने वाहतात. चाळण्या. ओढ्यातले मासे धरायचे निमुळते सापळे, ज्यांत मासा शिरतो पण आतल्या बाजूला वळवलेल्या काड्यांमुळे बाहेर येत नाही. कोंबड्या झाकायची षटकोनी भोकांची झाल. पावसात शेतात घालायचं बांबूच्या जाळीत पानं भरलेलं इरलं. भिंतीचे कुड आणि अंथरायच्या चटया.

धान्याची मोठी कणगी असते. ती विणून झाली की माती-शेणाने आतून-बाहेरून सारवतात. तिला तिकडे डोली म्हणतात, आणि आपल्या झाडीपट्टीत ढोली.

पण सगळ्यांत अवघड सूप. ओडियात कुला. त्याच्याबद्दल जरा जास्त लिहितो.

सूप तीन बाजूंनी उचललेलं आणि पुढे मोकळं असतं. वीण एक-सोडून-एक नसते, दोनावरून दोनाखालून तिरपी असते, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि दाणा अडकत नाही. मागचा कोपरा वळवताना पट्टी मोडू न देणं हे कौशल्य. आता नाचणीचा दाणा आठवा. मोहरीएवढा, जेमतेम दीड मिलिमीटर. भाताला चालणारं सूप नाचणीला चालत नाही, दाणे विणीतून गळतात. म्हणून पट्ट्या अगदी बारीक आणि वीण घट्ट हवी, आणि वर शेणाचा हात फिरवून उरलेली भोकं बुजवायची. आपल्याकडे बायका सुपाला मेथ्या आणि कागदाचा लगदा लावायच्या, ते याच कारणासाठी.

मराठीत सुपाच्या कामाला पाखडणं, घोळणं, आसडणं अशी वेगळी क्रियापदं आहेत. प्रत्येकात मनगट निराळं फिरतं. पाखडताना धान्य वर उडतं आणि भूस पुढे जातं. घोळताना खडे एका कोपऱ्यात जमतात. आसडताना कण वेगळे होतात. कोरापुटच्या अंगणात या तिन्ही हालचाली मी ओळखीच्या गाण्यासारख्या ओळखल्या. शब्द वेगळे होते, मनगट तेच होतं. आईने बाजारात सूप उजेडाकडे धरून बघायचं कारणही तिथे कळलं. ती भोकं बघत होती.

हे काम बायका करतात की पुरुष?

सर्वसाधारणपणे बांबू तोडणं, चिरणं, विणणं पुरुषांकडे आणि केरांगचा माग बायकांकडे. मात्र वापर जवळजवळ सगळा बायकांचा. त्यामुळे माप कुणाचं, तर बाईचं. टोपली किती खोल हवी, कड किती रुंद हवी, हे वापरणारी सांगते आणि विणणारा ऐकतो.

म्हणजे गदबा हे तिकडचे बुरूड झाले का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. बुरूडकाम हा आपल्याकडे एका जातीचा परंपरागत धंदा. बुरूड आळीत राहून, बाजारासाठी, गिऱ्हाईकाच्या गरजेप्रमाणे माल करायचा. हारे, पाट्या, दुरड्या, परड्या, रोवळ्या, लग्नाचे करंडे. त्यातली सफाई आणि वेग धंदेवाईक हाताचा असतो.

गदबा मुळात शेतकरी. त्यांच्या पठारावर कुंभार वेगळा, लोहार वेगळा, सुती कापड विणणारे डोंब वेगळे. पण घरापुरती टोपली शेतकरीच विणतो, जसं आपल्याकडे कुंपण किंवा खाट विणणं हा धंदा नसतो, येत असतं. ती शेतीच्या कामाचाच एक भाग आहे. हाटात टोपल्या घेऊन बसलेले सगळे गदबाच असतात असंही नाही. इतर जमातीचे आणि बांबूवरच पोट असलेले कारागीरही असतात. म्हणून प्रत्येक टोपलीवर 'गदबा कला' अशी चिठ्ठी लावणाऱ्या दुकानाकडे मी सावधपणे बघतो.

टोपल्यांवर रंग, नक्षी असते का?

फार नाही. सालीची हिरवी पट्टी आणि गाभ्याची फिकी पट्टी आळीपाळीने घातली की आपोआप पट्टे उमटतात. वर्षभरात दोन्ही एकाच पिंगट रंगाच्या होतात. चुलीवर टांगलेली टोपली काळीभोर होते. गडद रंगवलेल्या टोपल्या मिळाल्या तर त्या बाहेरच्या बाजारासाठी केलेल्या असतात.

प्लास्टिकने ही कला मारली, हे खरं ना?

अर्धं खरं. प्लास्टिकचं घमेलं स्वस्त आहे, ओलं झालं तरी चालतं, त्यात पाणीही राहतं. ते घेणाऱ्या बाईला दोष देणं मला मान्य नाही. तिचं ओझं हलकं होत असेल तर तिने ते जरूर घ्यावं.

पण टोपलीच्या मागे जे उभं होतं ते आधीच डगमगलं होतं. पहिलं जंगल. १९५० च्या दशकात सुरू झालेल्या मचकुंद जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयात गदबांची गावं आणि शेतं गेली. पुढे कोलाबच्या धरणातही तेच झालं. माणूस नव्या जागी बसवता येतो. पण कोणत्या ओढ्याकाठचं बेट कोणत्या वर्षी तोडायला येतं, हे ज्ञान त्या ओढ्याबरोबर बुडतं. शिवाय रायगड्याकडे कागदाचा कारखाना आल्यापासून बांबूला टनाच्या हिशेबाने गिऱ्हाईक मिळालं. एका टोपलीसाठी दोन बांबू मागणारा माणूस त्या हिशेबात कुठेच बसत नव्हता.

दुसरं नाचणी. उतारावरची नाचणी, सुआं, कांग ही भरडधान्यं मागे पडून रेशनचा तांदूळ घरात आला. रेशनने भूक भागवली, हे मान्यच. पण पोत्यातून आलेला, पॉलिश केलेला तांदूळ पाखडावा लागत नाही. कणगीत भरावा लागत नाही. शेतातून टोपलीने आणावा लागत नाही. पाखडायला काही उरलं नाही तर सूप कशाला विणायचं? माझ्या मते टोपलीला खरा धक्का इथे बसला. प्लास्टिकने नंतर रिकामी जागा भरली.

म्हणूनच २०१७ मध्ये ओडिशा सरकारने भरडधान्यांसाठी मोहीम सुरू केली आणि त्यात कोरापुट आला, ही मला बांबूकामाच्या कोणत्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा मोठी बातमी वाटते. हमीभावाने नाचणी विकली जाऊ लागली की ती पेरली जाते. पेरली की कापणी, मळणी आणि पाखडणी आली. त्याआधी २०१२ मध्ये कोरापुटच्या पारंपरिक शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली, ती भाताच्या आणि भरडधान्यांच्या शेकडो गावरान वाणांमुळे. ती वाणं जपून ठेवायची भांडी म्हणजे याच कणग्या आणि टोपल्या. बियाणाला हवा लागते, म्हणून ते विणलेल्या भांड्यात ठेवायचं.

आदिवासींना बांबू तोडायला परवानगी लागते का?

इतिहास असा आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने झाडाच्या व्याख्येत बांबूही घातला, वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो गवत असला तरी. त्यामुळे तोडणी आणि वाहतूक वनखात्याच्या हाती राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, म्हटलं आणि परंपरेने तो गोळा करणाऱ्यांचा त्यावर मालकी हक्क मान्य केला. कागदावरचा हक्क हातात यायला वेळ लागला. देशात तो पहिल्यांदा ठळकपणे हातात आला तो आपल्याकडे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला.

म्हणजे आज स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडायला अडचण नाही. जंगलातला बांबू सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाचा. ज्या गावांना तो दावा अजून मिळालेला नाही, तिथे विणणाऱ्याला आजही दबकत जावं लागतं. मेंढा-लेखाची गोष्ट कोरापुटच्या गावांपर्यंत देसियात पोहोचावी, असं मला मनापासून वाटतं.

बांबू फुलला की काय होतं?

मानवेल साधारण २५ ते ६५ वर्षांनी एकदा फुलतो. कधी एखादं बेट, कधी मैलोगणती जंगल एकदम. बी धरलं की बेट मरतं. बी भातासारखं शिजवून खाता येतं, पण उंदीरही वाढतात. नव्या रोपांतून विणायला जोगता बांबू तयार व्हायला पुढे सात-आठ वर्षं तरी लागतात. तेवढ्या काळात एक पिढी टोपली न विणता मोठी होते. ज्या वर्षी बाप शिकवणार होता, त्या वर्षी बांबूच नसतो.

बांबूचे कोंब तिकडेही खातात का?

हो. विदर्भात आपण ज्यांना वास्ते म्हणतो तेच. ओडियात करडी. पावसाळ्यात हाटात ढीग असतात. ताजे कोंब आधी भिजवून-उकळून पाणी टाकून द्यायचं, कडवटपणा आणि त्यातलं विषारी द्रव्य निघून जातं. हे टाळू नका.

टोपली विकत कुठे मिळेल? भाव करावा का?

हाटात. कुंदुलीचा हाट शुक्रवारी भरतो, ओनकाडेलीचा गुरुवारी. नोव्हेंबरात कोरापुटला 'परब' महोत्सव असतो आणि २६ जानेवारीपासून भुवनेश्वरला आदिवासी मेळा भरतो. महाराष्ट्रातून जायचं तर रायपूर-जगदलपूरमार्गे रस्ता सोयीचा. जगदलपूरहून जयपूर (राजस्थानातलं नव्हे, ओडिशातलं)-कोरापुटकडे रेल्वेही आहे आणि तो प्रवास अतिशय सुंदर आहे.

भाव करू नका. बांबू आणणं, चिरणं, तासणं, विणणं असा दीड-दोन दिवसांचा हिशेब धरा आणि आपल्या गावात दोन दिवसांची मजुरी किती ते आठवा. सांगितलेली किंमत त्यापेक्षा कमीच असेल. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, विशेषतः बायकांचे.

पुण्यापर्यंतच जाणं जमत असेल तर आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय बघा. तिथे गदबा नाहीत, पण महाराष्ट्रातल्या जमातींचं बांबूकाम आहे. ते बघून गेलात तर कोरापुटमध्ये डोळे लवकर उघडतात.

घरी आणलेली टोपली टिकवायची कशी?

पहिली टोपली मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवली. पंधरा दिवसांत बुरशीने पांढरी झाली. तेव्हा आधी सावलीत पूर्ण वाळू द्या, मग हवेशीर जागी टांगा. भुकटी दिसली तर कडक उन्हात दोन-तीन दिवस ठेवा आणि झटका. धूर सगळ्यांत चांगला, पण शहरात चूल कुठली. वॉर्निश लावू नका, धान्य ठेवायचं असेल तर मुळीच नाही. सूप धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसून लगेच वाळवा. आणि वापरा. न वापरलेल्या टोपलीला कीड लवकर लागते, कारण तिला कुणी हलवत नाही, झटकत नाही.

मला शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू?

कोरापुटपर्यंत जायची गरज नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. त्याहून जवळ, तुमच्या गावच्या बुरूड आळीत किंवा आठवडी बाजारात एखादा कारागीर बसत असेल. त्याला वेळ आणि मोबदला द्या आणि बाजूला बसा. आधी आठ दिवस फक्त चिरायला शिका. विणायची घाई करू नका. पट्टी एकसारखी येऊ लागली की वीण दोन दुपारांत कळते. पहिलं बूड वाकडं येईल आणि उभ्या कामट्या मोजायला विसराल, सम निघतील. उसवा, एक कामटी चिरा, पुन्हा फिरवा. पहिल्या टोपलीत कांदे ठेवा, त्यांना हवा लागलेली चांगली असते.